वरच्या गावातला चहा

“‘वरच्या गावातला चहा तेवढा राहिला. माझ्या वाटचाही तूच पिऊन ये,’ असं हे जाताना सांगून गेले.”

डोंगरातल्या चहाच्या दुकानात शेजारच्या बाकावरच्या आजी दुकानवालीला सांगत होत्या.

“म्हणून इथला कप तसाच ठेवलात होय?”

“ते गेल्यापासून चहा सोडलाय. वर जाऊनच घेईन.”

“अहो, पुढे बस जात नाही. आणि चहा काय, सगळ्या गावांत सारखाच.”

“मीही हेच म्हणायचे. गावोगावचा चहा पीत आम्ही दोघं भांडलोय त्यावरून.”

“गुडघे धरलेत ना तुमचे?”

“धरलेत. हळूहळू समजूत काढत नेईन त्यांना.”

“वर माझी जाऊ दुकानात असते. तिला दोन कप सांगा.”

“नको गं. आम्ही एकातच अर्धा अर्धा घ्यायचो. आज अख्खा घेईन.”

आजींनी काठी उचलली आणि चढाला लागल्या.