आमची बाळं आमच्याच खोऱ्यात

—नाही नाही, त्या खुर्चीवर नको, तिचा पाय डुगडुगतो. इकडे चुलीपाशी ये. कोट राहू दे अंगात, बाकीचं घर मी तापवतच नाही, एकटीला किती खोल्या लागतात? हं, तर काय म्हणत होतीस, फोटो. जुना फोटो आहे तुमच्याकडे, बर्फातला, हातात फलक धरलेला, आणि आता नवा हवाय. बोर्तोलोनं पाठवलं ना तुला? वाटलंच. स्वतः नाही आला. मोठा माणूस झाला आता, प्रांताच्या सभेत बसतो. पण तुझा साहेब पायाळू होता बरं का, सांगितलंय का त्यानं कधी? माझ्या नोकरीचं पहिलंच वर्ष, डॉक्टर रस्त्यात अडकलेला, आणि हा पाय पुढे करून हजर! तेव्हापासूनच त्याला उलट्या दारानं आत शिरायची सवय. हस, हस, हसायला काय हरकत आहे. या घरात हसण्याचा आवाज म्हणजे फक्त रेडिओचा.

चौतीस वर्षं मी इथं प्रादेल्वाच्या इस्पितळात सुईण होते. या खोऱ्यातली निम्मी माणसं मी आधी उघडी पाहिलीत आणि मग कपड्यांत. रस्त्यात भेटली की म्हणतात, नमस्कार आर्मिदा. म्हणतात आणि पुढे जातात. पूर्वी थांबायची. पूर्वी बाजारात पाव आणायला गेले की परत यायला दुपार व्हायची.

घे ना केक, कालचाच आहे. — तर फलक. "आमची बाळं आमच्याच खोऱ्यात." लोकांना वाटतं, ते बोर्तोलोनं लिहिलं. मी लिहिलं ते! या टेबलावर, माझ्या नातवंडासाठी विणायला घेतलेली लोकर बाजूला सारून — म्हणजे तेव्हा नातवंड नव्हतं, आशा होती. त्याचं असं झालं, रोममधल्या तज्ज्ञांनी ठरवलं की वर्षाला पाचशे बाळंतपणं होत नसतील तर विभाग चालवणं धोक्याचं. आमच्याकडे दोनशे दहा. त्या वेळचे प्रांतातले सत्तेवाले आले, पडदा लावला, त्यावर रंगीत आलेख दाखवले, आणि म्हणाले, बायांनो, तुमच्याच सुरक्षेसाठी आहे हे. एक तास पाच मिनिटं बोलले. प्रश्न विचारायला सात मिनिटं. मी हात वर केला, म्हटलं, जानेवारीत खिंडीत बर्फ असतो तेव्हा बाई काय आलेखावर बसून शहरात जाणार? सगळे हसले, ते नाही हसले. पडदा आवरला आणि निघून गेले.

आणि बोर्तोलो आला. तोपर्यंत त्याच्या पक्षाला इथं कुत्रं विचारत नव्हतं. आला, आमच्याबरोबर इस्पितळाच्या दाराशी बर्फात उभा राहिला — एक दिवस नाही, नऊ दिवस. माझ्या हातची मक्याच्या पिठाची पोलेंता खाल्ली, ताट चाटूनपुसून. त्यानं एकही आलेख दाखवला नाही. म्हणाला, रोमवाल्यांना तुम्ही आकडा दिसता, मला तुम्ही माझी माणसं दिसता. आता तू म्हणशील, भाषण होतं ते. असेल! पण दुसऱ्या कुणी भाषणसुद्धा केलं नव्हतं गं आमच्यासाठी. मी मत दिलं. माझ्या नवऱ्यानं, एत्तोरेनं, जन्मभर ज्यांना शिव्या घातल्या त्यांना त्यानंही मत दिलं. ते निवडून आले, आणि शब्द पाळला! हे लिही. खरं ते सांगायला पाहिजे. पहिल्या महिन्यात हुकूम काढला, विभाग चालू. बँड वाजला, मी फीत कापली. तो फोटोही असेल तुमच्याकडे.

विभाग चालू राहिला, पण डॉक्टर कुठून राहणार? तरुण डॉक्टर येईना. का यावं त्यानं? वर्षाला शंभर बाळंतपणं, हात शिकतच नाहीत. मग एजन्सीकडून पाळीवर डॉक्टर यायला लागले. आज हा, उद्या तो, एकाला तर मी स्वतः सांगितलं की स्वच्छतागृह कुठे आहे आणि रक्ताची पेटी कुठे आहे. भूल देणारा डॉक्टर आठवड्यातून तीन दिवस. इतर दिवशी तो पलीकडच्या खोऱ्यात, फोन केला की येणार. मी तेव्हा निवृत्त व्हायला आले होते. दिसत नव्हतं का मला? दिसत होतं. पण मी म्हणायचे, एवढं जिंकलंय, आता कुरकुर केली तर रोमवाले तेच निमित्त धरतील.

आणि नाइमा. नाइमा कोण ते तुला नसेल माहीत. मोरोक्कोची बाई, आमच्याकडे दुभाषी होती, परक्या बायांना समजावून सांगायला. आता बघ गंमत — "आमची बाळं" म्हणत विभाग उघडा ठेवला, आणि शेवटी शेवटी शंभरातली साठ बाळंतपणं त्यांचीच, डेअरीत आणि हॉटेलांत काम करणाऱ्या बायांची. आमच्या पोरी तर खाली शहरात जायला लागल्या होत्या, गुपचूप, जणू पाप करायला चालल्यात. विभाग जगला तो नाइमाच्या बायांवर. आणि प्रांत सरकारनं पहिली कात्री लावली ती नाइमाला. ज्यांना इथं राहायचंय त्यांनी भाषा शिकावी म्हणे. कळा देताना शिकावी? नाइमा आली माझ्याकडे, इथंच बसली, तू बसलीस तिथं. म्हणाली, आर्मिदा, तुमचं ऐकतात ते, एक शब्द टाका. मी म्हटलं, आधी विभाग टिकू दे गं, मग बघू. मान हलवली तिनं, कॉफी संपवली, कप स्वतः धुवून ठेवला. नंतर ती कुठे गेली मला माहीत नाही. विचारलंच नाही कुणाला.

अजून कॉफी? थांब, मी ठेवते. बसून बसून गुडघे धरतात.

मुलीचं विचारतेस? हो, एक आहे. ओर्नेल्ला. तुरीनला असते. छान आहे. — तिची मुलगी तेआ, सहा वर्षांची. नाताळला फोटो येतो. मागे काही लिहिलेलं नसतं, पण येतो. — हो, तेआ इथलीच. आपल्याच विभागात झाली. तेही हवंय का तुम्हाला फलकावर? "चळवळीच्या संस्थापिकेची नात"? बोर्तोलोनं सांगितलं असणार. बोर्तोलो सांगतो ते अर्धंच सांगतो.

ओर्नेल्लाला शहरात जायचं होतं. अडतीस वर्षांची, पहिलंच मूल, खूप वाट पाहून दिवस राहिलेले. तिनं खालच्या इस्पितळात नाव घातलं होतं, बॅग भरली होती. बाळाची टोपडी, तिचे गाऊन, सगळं. मी ती बॅग रिकामी केली. ती बाहेर गेली होती तेव्हा. माझ्या कपाटात घड्या करून ठेवलं सगळं. आली तर म्हटलं, लोक काय म्हणतील? मी नऊ दिवस बर्फात उभी राहिले आणि माझीच पोर खाली जाणार? ती भांडली नाही. भांडायला हवं होतं तिनं. नुसती म्हणाली, मम्मा, तू आई आहेस की फलक आहेस?

नोव्हेंबरचा रविवार. सकाळी कळा सुरू झाल्या, दुपारी बारा वाजून वीस मिनिटांनी तेआ झाली. सुरेख! रडली अशी की खिडक्या वाजल्या. मी तिथंच होते, निवृत्त असले म्हणून काय, मला कोण अडवणार? सगळे हसतायत, कुणीतरी मिठाई काढली — आणि वार पडली, पण रक्त थांबेना. गर्भाची पिशवी आवळत नव्हती. औषध दिलं, पुन्हा दिलं. त्या दिवशीचा डॉक्टर तिसऱ्यांदाच आलेला, पोरसवदा. शस्त्रक्रिया करायला भूल देणारा हवा. तो पलीकडच्या खोऱ्यात, खिंडीवर धुकं. हेलिकॉप्टर उडेना. रक्ताच्या दोनच पिशव्या. मग रुग्णवाहिका. एक तास दहा मिनिटं. त्या एक तास दहा मिनिटांत ही माझी मूठ तिच्या आत होती आणि हा दुसरा हात वरून पोटावर दाबलेला, गर्भाची पिशवी दोन्ही हातांमध्ये धरून. वळणावर वळणं. हात सोडला असता तर गेली असती ती. खांदा त्यानंतर वर जात नाही माझा, हे बघ, एवढाच. मध्ये एकदा तिनं डोळे उघडले. पांढरी पडली होती. म्हणाली, मी म्हटलं होतं ना, मम्मा.

वाचली. गर्भाशय काढावं लागलं, पण वाचली. शहरातला डॉक्टर मला म्हणाला, बाई, तुम्ही वाचवलंत तिला. ओर्नेल्लानं ते ऐकलं, आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

तिसऱ्या दिवशी बोर्तोलो. फुलं घेऊन, डोळ्यांत पाणी — खरं पाणी, मी त्याला ओळखते. म्हणाला, आर्मिदा, पेपरवाला बाहेर उभा आहे, तू काही बोलली नाहीस तर रोम उद्या कुलूप लावेल. आणि मी बोलले. "असं कुठेही होऊ शकलं असतं." पहिल्या पानावर छापलं, माझ्या फोटोखाली. ओर्नेल्लाच्या शेजारच्या खाटेवरच्या बाईनं तिला मोठ्यानं वाचून दाखवलं, बिचारीला काय माहीत कुणाला वाचून दाखवतेय. मी सगळ्यांना सांगते की ते वाक्य बोर्तोलोनं माझ्या तोंडात घातलं. एत्तोरे मरेपर्यंत हेच समजत होता. खोटं आहे ते. त्यानं बोल म्हटलं, वाक्य माझं होतं. वाक्यं मला पहिल्यापासून चांगली जमतात.

एवढं करून पुढे काय? तीन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये, गाव सुट्टीवर गेलेलं असताना, तुमच्याच सरकारनं दारावर कागद चिकटवला — तात्पुरतं स्थगित. बँड नाही, फीत नाही. आणि आता निवडणूक आली तर पुन्हा उघडू म्हणता. त्यासाठी फोटो. आर्मिदा बर्फात, म्हातारी झालेली, तरी उभी. चांगला निघेल फोटो.

काय बघतेस? नाही गं, रडत नाहीये, चुलीचा धूर आहे.

लोरेदानाचा फोन आला होता. — कोण लोरेदाना? त्या रविवारी पाळीवर असलेली सुईण, माझ्या हाताखाली शिकलेली. सकाळी आठ वाजता, कळा सुरू झाल्याचं मी तिला कळवलं होतं. ओर्नेल्ला आत अंघोळ करत होती. लोरेदाना म्हणाली, आर्मिदा, आज भूल देणारा नाही आणि धुकं चढतंय, ओर्नेल्लाला खाली पाठवूया का, अजून भरपूर वेळ आहे. पाठवूया का, म्हणाली. विचारलं मला. आणि मी म्हटलं, नको. एवढंच. नको, आणि फोन ठेवला. ओर्नेल्ला केस पुसत बाहेर आली, म्हणाली, कोण होतं? मी म्हटलं, कुणी नाही.

लोरेदाना कधी बोलली नाही. नंतर इस्पितळाची चौकशी झाली, तिथंही नाही. ती मला वाचवत होती, की विभागाला, की स्वतःला, देव जाणे. आता ती दिसली की मी रस्ता ओलांडते. ओर्नेल्लाला माहीत नाही. तिला वाटतं, तिची आई हट्टी होती. हट्टी आईला माणूस कधीतरी माफ करतं, नाही का? म्हणून मी — म्हणून सहा वर्षं —

हे मी तुला का सांगितलं? तुझं तर नावही विसरले.

ते यंत्र चालू आहे का गं? टेबलावरचं. लाल दिवा आहे त्याला. — नको, बंद नको करू. राहू दे. बोर्तोलोला ऐकव. नाहीतर नको ऐकवू. मला काय.

फोटो नाही काढायचा. ठेव तो कॅमेरा. फोटोच्या परवानगीवर सही पण नाही. आणि असं पोट झाकून बसू नकोस, चौतीस वर्षं हेच पाहिलंय मी. तू दारातून पायरी चढलीस तेव्हाच ओळखलं, पाचवा लागलाय. नाव कुठे घातलंस? — खाली ना, शहरात? मान का खाली घालतेस? बरोबर केलंस. तिथंच जा. आणि ऐक, तुझी आई काही म्हणाली, ओळखीचं म्हणाली, घराजवळचं म्हणाली — तर बॅग तुझ्या हातात ठेव. नीघ आता. उतारावर बर्फ धरायच्या आत पोच. दार ओढून घे, गार वारा येतो.