चहाडी

ताई : खिडकी लाव, आणि तोंडही बंद ठेव.

भाऊ : खिडकी बंदच आहे. ताई, तुझ्याबरोबर खाट हलतेय गं.

ताई : हलू दे. ऑपरेशन झालं, टाके सुकले. उद्या घरी सोडतायत मला.

भाऊ : दात वाजतायत तुझे! नर्सबाईंना बोलावतो.

ताई : खबरदार! पहिल्यापासून मेला चहाडखोर!

भाऊ : आहेच मी चहाडखोर. नर्सबाई! अहो, जरा येता का? ही थरथर कापतेय.

नर्स : बघू, मावशी. अगं बाई, अंग किती तापलंय! कधीपासून?

ताई : आत्ताच. पंख्याचा वारा लागला.

भाऊ : साफ खोटं. मी आल्यापासून ब्लँकेटात दडून बसलीये.

नर्स : ही मानेतली सलाईनची नळी... हिच्याभोवती लाल झालंय. इथूनच जंतू रक्तात शिरले असतील. मी डॉक्टरांना बोलावते. दोन्ही हातांतून रक्त घेऊ तपासायला. नळी बहुतेक लगेच काढतील, अँटिबायोटिक सुरू करतील.

ताई : म्हणजे उद्या घरी नाही?

नर्स : मावशी, हे अंगावर काढलं असतंत, तर जिवावर बेतलं असतं.

ताई : झालं तुझ्या मनासारखं?

भाऊ : झालं. हात दे इकडे. सुई टोचताना माझ्याकडे बघ.

(काही दिवसांनी. तीच खाट. ताई उशीला टेकून बसली आहे, पुढ्यात जेवणाचं ताट.)

ताई : दाढी का वाढवलीस रे? ओळखू येईना.

भाऊ : तू कुठे कोणाला ओळखत होतीस!

ताई : नर्सबाई म्हणाल्या, रक्तात जंतू निघाले. तापात मी नुसती बरळत होते म्हणे. तुलाही नाही ओळखलं?

भाऊ : मला ओळखलंस. फक्त शाळेत जाणारा समजलीस.

ताई : शिव्या घातल्या?

भाऊ : छे. नाक पूस म्हणालीस.

ताई : मग?

भाऊ : पुसलं. तेव्हा गरजच होती.

ताई : रडत होतास?

भाऊ : सर्दी झाली होती मला.

ताई : बरं, सर्दी. आणखी काय बोलले?

भाऊ : जेवलास का? सारखं तेच. डॉक्टर आले तरी तेच.

ताई : जेवला होतास?

भाऊ : घशाखाली उतरतंय कुठे!

ताई : आणि आज?

भाऊ : आज... निघताना राहूनच गेलं.

ताई : सरक इकडे. ताटातलं अर्धं तुझं.