फ्लोराने न खेळलेली मॅच

तारीख लिहा: पेसाखचा सण सरल्यानंतरचा पहिला शुक्रवार, साल दोन हजार आठ, सकाळचे नऊ, रामला, माझं स्वयंपाकघर. हजर कोण कोण तेही लिहा. मी दीना, इस्राएलच्या बायकांच्या क्रिकेट टीमची एके काळची विकेटकीपर आणि कॅप्टन. माझी मुलगी ओरली, तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिब्रूत देईल. आणि तुम्ही, आमच्यावरच्या पुस्तकासाठी वही घेऊन. गैरहजर: फ्लोरा, आमची फास्ट बोलर, नेतिवोतला राहते. तिला मी मुद्दाम बोलावलं नाही. बारा वर्षं मी तिच्यापासून एक गोष्ट लपवून ठेवलीय, ती आज तुम्हाला सांगणार आहे, आणि तिच्यासमोर सांगायची अजून छाती होत नाही. चहा घ्या, गवती चहा घातलाय, अंगणातलाच आहे.

पहिल्यापासून सांगते. आमचं मूळ अलिबागेकडचं. आजोबांचा तेलाचा घाणा होता आणि गावात आम्हाला शनवार तेली म्हणत, कारण आम्ही ज्यू, शब्बाथला म्हणजे शनिवारी आमचा घाणा बंद, मग गिऱ्हाईक येवो की जावो. बाबा मुंबईला आले, माझगावला, गोदीत कारकून. मला तीन भाऊ, तिघांनाही बॅटिंगच करायची असायची, मग यष्टीमागे उभं कोण राहणार, तर दीना. अशी मी कीपर झाले, हौसेने नाही, उरलेली जागा म्हणून. पण मग हात बसला. तेव्हा मुंबईत मुलींचं क्रिकेट नवंनवं सुरू झालेलं, मी गेले, टिकले, आणि अठराव्या वर्षी मुंबईच्या टीमच्या यादीत माझं नाव लागलं, भिंतीवर, टाइप केलेलं. त्याच आठवड्यात इस्राएलचे कागद आले. मी म्हटलं, बाबा, एक महिना थांबू या ना. बाबा म्हणाले, दोन हजार वर्षं थांबलो, तेवढं पुरे नाही झालं? झालं. ग्लोव्हज ट्रंकेत गेले, तांब्याच्या पातेल्यांच्या मधे, आणि नाव तिकडे भिंतीवरच राहिलं. हे लक्षात ठेवा, पुढे जे मी केलं त्याचं मूळ इथे आहे. सबब म्हणून नाही सांगत, कारण म्हणून सांगते.

इथे रामल्याला लोणच्याच्या कारखान्यात लागले, काकड्या आणि ऑलिव्ह, स्टोअरला. लग्न झालं, मुलं झाली. शनिवारी आपले पुरुष क्रिकेट खेळायचे आणि आम्ही बायका कडेला डबे घेऊन बसायचो. आम्ही शब्बाथला चूल पेटवत नव्हतो, गाडी काढत नव्हतो, पण खेळाला हरकत मानत नव्हतो, मैदान घरापासून चालत पाच मिनिटं. एकदा त्यांचा कीपर मिलुइमला गेला, म्हणजे राखीव सैनिकांना बोलावतात तिकडे, तर माझा नवरा म्हणाला, दीना उभी राहील. सगळे हसले. दुसऱ्याच ओव्हरला मी माझ्या धाकट्या दिराला स्टंप केलं, मग कोणी हसलं नाही, दीर तर आठवडाभर बोलला नाही.

त्यातून बायकांची टीम झाली, नव्वद सालानंतर. यादी मीच केली: कोण कुठे राहते, कोणाची शिफ्ट कधी, कोणाला सासू सोडते. फ्लोरा त्या यादीत नव्हतीच. ती आपणहून आली, नेतिवोतहून दोन बस बदलून, केसांना रुमाल, लांब स्कर्टच्या आत पॅन्ट, वृद्धाश्रमात कामाला होती, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. तिचे वडील हाझान, प्रार्थना चालवणारे, त्यामुळे घर कडक. आल्या आल्या म्हणाली, मी शनिवारी येणार नाही, मग घ्यायचं तर घ्या. मी म्हटलं, आधी टाक तर खरी. तिने टाकला. काय सांगू तुम्हाला, तो चेंडू ग्लोव्हजमध्ये असा बसला की घरी जाऊन शब्बाथची कणीक मळताना तळवे दुखत होते. मी सगळ्यांची प्रॅक्टिस शुक्रवार सकाळवर आणली, एकट्या तिच्यासाठी. बाकीच्या कुरकुरल्या, शुक्रवारी शब्बाथचा स्वयंपाक कोण करणार. फ्लोरा म्हणाली, गुरुवारी करा, शिळं खाऊन कोणाचा नवरा मेलेला नाही.

चार वर्षं आम्ही तशा खेळलो. मी यष्टीमागून डावा ग्लोव्ह गुडघ्याला लावला की ती हळू चेंडू टाकायची, आणि माझ्या हातून सुटला की तिथूनच ओरडायची, काय गो कॅप्टन, ग्लोव्हज घातलेत की चुलीवरचं पातेलं उतरवायला आलीस? ते दिवस, खरं सांगते, माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले. ओरली, हसू नकोस, तू सुद्धा होतीस त्याच्यातच.

मग शहाण्णव साली डेन्मार्कहून बोलावणं आलं. देशाची टीम विरुद्ध देशाची टीम. कुठल्या पुस्तकात ह्याची नोंद नसेल, पण आमच्या शर्टावर देशाचं नाव होतं. मॅच एकच, आणि ती शनिवारी. फ्लोरा माझ्याकडे आली, ह्याच खुर्चीत बसली, म्हणाली, दीना, त्यांना लिही, रविवारी ठेवा म्हणावं, विचारायला काय जातं. मी म्हटलं, लिहिते. लिहिलंसुद्धा. कारखान्याच्या ऑफिसात टाइप केलं, पाकिटात घातलं, तिकीट लावलं. चार दिवस ते पर्समध्ये होतं. टपालपेटी रोज वाटेत लागायची. मला भीती वाटली की हे लोक म्हणतील, ह्यांच्या अटी फार, राहू द्या, दुसऱ्या कोणाला बोलावू. मी चाळिशीला आलेली. एक यादी भिंतीवर राहिली होती, दुसरी गेली तर तिसरी येणार नव्हती. पाचव्या दिवशी पाकीट फाडलं. आणि थोडे दिवस जाऊ देऊन फ्लोराला सांगितलं, त्यांनी नाही म्हटलं.

ती म्हणाली, काय हरकत नाही गो, आपले आजे घाणा बंद ठेवून राहिले, मी एक मॅच नाही सोडू शकत? आणि पुढचे सहा शुक्रवार ती येत राहिली, तिच्या जागी जाणाऱ्या रोनितला शिकवायला. रोनित तेव्हा सैन्यातून नुकतीच सुटलेली पोर, ताकद भरपूर, दिशा शून्य. फ्लोरा तिचा खांदा धरून पावलं मोजून दाखवायची, आणि मी यष्टीमागे उभी राहून ते बघायची. विमानतळावर सुद्धा आली, गव्हाच्या चिकाच्या हलव्याचा डबा घेऊन. सिक्युरिटीची मुलगी पॅड हातात घेऊन विचारते, हे काय आहे, कशासाठी, कोणी दिलं, आणि फ्लोरा मागून तिला क्रिकेट समजावतेय. अर्धी रांग हसत होती.

मॅच हरलो. तिथलं गवत इतकं हिरवं की दुसऱ्याच्या दिवाणखान्यात चपला घालून शिरल्यासारखं वाटत होतं, आम्हाला चटईच्या पिचची सवय. रोनितचे चेंडू लेगला, त्याच्याही पलीकडे, मी उड्या मारमारून थकले. एक स्टंपिंग केलं, माझं देशासाठीचं एकच. चहाला त्यांची सेक्रेटरी शेजारी येऊन बसली, उंच, फार गोड बाई. आमच्यातलं कोणीतरी तिला बोललं होतं की आमची खरी बोलर शब्बाथमुळे घरी राहिली. म्हणाली, अहो मग लिहायचं होतं ना, उद्या मैदान रिकामंच आहे, आमच्या टीमच्या दोघी मुली शनिवारी दुकानातलं काम सोडून आल्यात, आम्हालाही रविवारच बरा पडला असता. माझ्या हातात कप होता. मी म्हटलं, येस, येस. दुसरं काय म्हणणार?

परत आल्यावर फ्लोराने पहिलं काय विचारलं असेल? गवत कसं होतं. मग अख्खी मॅच चेंडू चेंडू सांगायला लावली. मी सगळं सांगितलं, चहाचं सोडून.

पुढे टीम पाच-सहा वर्षं रखडत चालली, पोरी सैन्यात गेल्या, कोणाची लग्नं, कोणाचे गुडघे, मग बंद. पण फ्लोराची ती मॅच चालूच राहिली. नेतिवोतला सगळे ओळखतात तिला, देशाची मॅच शब्बाथसाठी सोडणारी बाई म्हणून. बायकांच्या बैठकीत सांगायला बोलावतात, मुलींच्या शाळेत बोलावतात. मी एकदा मागच्या बाकावर बसून ऐकलंय. म्हणते, मी त्यांना विचारलं, ते नाही म्हणाले, मग मीही नाही म्हटलं. मुली टाळ्या वाजवतात. चेहरा काय फुलतो तिचा! आणि त्या डेन्मार्कच्या बाईचं नाव निघालं की म्हणते, त्या लोकांना शब्बाथ काय कळणार. ती बिचारी तर आनंदाने बदलणार होती.

तर असं आहे. मी गप्प राहिले तर फ्लोराजवळ तिची मॅच राहते. सांगितलं तर तिला कळेल की तिने ती शब्बाथसाठी सोडली नाही, माझ्या भीतीपायी सोडली. ओरली आत्ता काय म्हणाली कळलं का तुम्हाला? म्हणते, इमा, म्हणजे आई, पुरे, ती सुखात आहे, राहू दे. सोपं आहे बोलायला. शाळेत मुलींसमोर उभी राहून ती खोटं सांगतेय, आणि तिला ठाऊक नाही की ते खोटं आहे. ते माझं खोटं आहे, तिच्या तोंडात घातलेलं.

बुधवारी फोन केला होता मी, सांगायचं ठरवूनच केला. ती म्हणाली, पुस्तक निघतंय म्हणे आपल्यावर, माझं काय लिहिणार गो? मी म्हटलं, लिहिणार की तुझ्यासारखी बोलर इथे दुसरी झाली नाही. खूश झाली. मग विचारते, आणि ते शब्बाथचं? मी म्हटलं, ते पण. आणि फोन ठेवला.

म्हणून तुम्ही लिहून घ्या सगळं, पण छापू नका एवढ्यात. रविवारी, इथे तो कामाचाच दिवस, मी कारखान्यातून रजा काढलीय, नेतिवोतला जायला बस आठची आहे, कुठे बदलायची ते पाहून ठेवलंय, तिच्यासाठी काय न्यायचं तेही ठरलंय. पहिलं वाक्य काय बोलायचं ते तेवढं ठरलेलं नाही. तिला ऐकू दे, मला काय बोलायचं ते तिला बोलू दे, मग तिला विचारून छापा, आणि तिने नको म्हटलं तर एवढंच ठेवा की ती आमची सगळ्यात चांगली बोलर होती. ते खरं आहे, ते तिला ठाऊक आहे. दुसरं खरं अजून सांगायचं राहिलंय.