माळवदाची खालची बाजू

माझं गाव लासुर्णं. बानं छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, पर गावानं काय लगीच घेतली न्हवती. धंदा माझा गवंड्याचा, शिकलो बारामतीला, एमआयडीसीत कारखान्यांची शेडं उभी ऱ्हात व्हती तितं, आधी सिमिट कालवलं, मंग थापी हातात आली. मातीचं काम मातुर बाचं. बा माळवदावर माती टाकायचा. माळवद म्हंजी काय सांगू तुमाला, भिंतीवर तुळया, तुळयांवर फळ्या, फळ्यांवर खारी माती चोपून बसवलेली, भर उनाळ्यात खाली गार. दरसाल पावसाच्या आधी मालकाचा सांगावा यायचा, यंदाबी गळतंय रं, की बा भाईरनं शिडी लावून वर चढायचा, माती वतायचा, चोपण्यानं चोपायचा आन शिडीवरनंच खाली. आत कोण घेतंय त्येला? मी रागानं सांगत न्हाय, तसं व्हतं म्हून सांगतोय.

तर नव्वद सालाच्या फुडं समद्यांना स्लॅबचं याड लागलं. तात्या म्हून ऊसवालं शेतकरी, त्यांच्या घरावर बानं चाळीस वर्सं माती टाकलेली. त्यांच्या थोरल्याचं लगीन ठरलं, मागं दोन खोल्या वाढवायच्या व्हत्या. त्यांनी इंजिनेर आणला, त्यो वर बघून म्हनला तुळया वाकल्यात, समदं पाडा. मला बोलावलं ते पाडायलाच.

तात्यांच्या घरच्या काकू म्हनल्या, भाईर का थांबलास, आत ये. मी आत गेलो आन वर बघितलं. सागवानी तुळया, टोकाला कमळं कोरलेली, आन समद्या मधी वाकलेल्या. पटाशी टोचून बघितली तर लाकूड खणखणीत, कुठं कीड न्हाय, कुज न्हाय. मंग कशानं वाकल्या? शिडी लावून वर गेलो, मधोमध खड्डा घेतला. वीतभर माती पायजे तितं माझा हात काखंपतुर आत गेला तरी फळी लागंना.

काय झालं व्हतं बघा. गळलं की माती टाक, गळलं की माती टाक. आतली मान्सं वर चढली न्हाईत आन वरचा मानूस आत आला न्हाय, मंग वझं दिसायचं कुणाला? चूक बाची म्हना, गावाची म्हना, तुमी ठरवा. मला मातुर लई वाईट वाटलं. त्या पोराच्या लगनात घर पडलं असतं तर नाव आमच्याच बाचं निघालं असतं.

तात्यांना म्हनलं, पाडू नका, आधी माती उतरवू द्या. तात्या म्हनले, आन माज्या सुनंच्या डोस्क्यावर आलं म्हंजी? मानूस बरुबर बोलला. म्हनलं, माती उतरवून तुळया वर आल्या न्हाईत तर मीच पाडतो.

तुळयांखाली टेकू ठोकले, गच्च. मंग माती उतरवायला घेतली, दोनी अंगानी सारखी, घाई न्हाय. एकेका वर्साचा थर येगळा दिसायचा. खाली खाली गेलो तर पन्हळाचं तोंड सापडलं, मातीत पार गाडलेलं. पाण्याला जायला वाटच न्हाय, गळंल न्हाय तर काय हुईल! पाचव्या दिशी काकूंनी हाक मारली, आरं, ह्यो टेकू हालतोय. मी पळत आत गेलो. टेकू हातानं हालाय लागले व्हते, एक न्हाय, समदे. तुळया दोन बोटं वर आल्या व्हत्या. तात्यांनी इंजिनेरला येऊ नको म्हून कळवलं.

मंग वीतभरच माती घातली, पन्हळ मोकळं केलं. मागच्या खोल्या बांधल्या, पर जुन्या भिंतीला टेकवल्या न्हाईत, काळी माती फुगती-बसती, नवं घर हाललं की जुन्याला वढणार. मधी हातभर सोडलं, वर पत्रा, आन जुन्या खिडकीचंच दार केलं. तात्या कुरकुरले, जागा वाया गेली म्हून. जाऊ द्या म्हनलं.

लगनाच्या आधी तात्याच म्हनले, तुझ्या बाला घिऊन ये. बा आला, फाटकापाशीच चप्पल काढली आन पायरीवर बसला, म्हनला, बरा हाय हितं. तात्यांनी सोता हाताला धरून आत नेलं. बानं वर बघितलं, लई येळ बघितलं. मंग म्हनला, सागवान हाय व्हय! मी बाभळीचं समजून चाळीस वर्सं वर पाय जपून टाकला, आन माती मातुर पाट्या पाट्या वतली. काकूंनी चा दिला, त्यो तितंच बसून प्याला.

बा आता न्हाय. मला जुन्या घरांची कामं येत्यात, निमगाव, नरसिंहपूर, लांबलांबनं. गेलो की मी पयलं इचारतो, आत येऊ का? आत घेतलं तर शिडी लावतो. आजून कोण कोण दारातूनच बोलतं, वरनंच बघा म्हनतं. त्येंचं घर त्येंना लखलाभ, देव त्येंचं छप्पर सांभाळो, मी आपला मोटारसायकलीला किक मारतो.