अण्णांच्या पसंतीचे गमबूट

चहा पाजा, पण गमबूट कुठले घ्यावेत म्हणून मला इचारू नका. यंदाच्या थंडीत ज्वारी राखून राखून जीव इटलाय. रोज पहाटं रानडुकरं येणार अन् रोज पहाटं म्या उठणार.

पाणी दिलेल्या काळ्या रानात चप्पल टिकत न्हाय. म्हणून वडलांना, म्हंजी अण्णांना घेऊन तुळजापूरला गमबूट आणायला गेलो. मला आठ नंबर बसतो. अण्णा दुकानदाराला म्हणाले, "दहा नंबर द्या."

म्या म्हणलं, "अण्णा, पाय माझा हाय."

"पर बूट घरचा हाय. तुझ्या थोरल्या भावाला दहा लागतो. मोठ्या बुटात लहान पाय बसतोय, लहान बुटात मोठा बसंल का?"

वाद घालायला अंगात त्राण न्हवतं. घेतले.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता डुकरं ज्वारीत शिरली. अण्णा बांधावर उभं राहून डबा वाजवायलते, म्या काठी घेऊन आत गेलो. चार पावलांत दोन्ही बूट चिखलात रुतले. ते उपसतोय तोवर एक डुक्कर सरळ अंगावर आलं. म्या बुटातनं पाय काढले अन् अनवाणी जो पळालो तो थेट बांधावर.

डुक्कर बुटांपर्यंत आलं, थबकलं, हुंगलं अन् माघारी वळलं.

धापा टाकत म्या म्हणलं, "बघितलं का अण्णा, तुमच्या मोठ्या बुटांनी काय केलं?"

अण्णा चिखलात उभ्या बुटांकडं बघत म्हणाले, "बघितलं की. ते जागचे हलले न्हायत. पळालास तूच."