सुपलीतले देव

मनकर्णा : पुन्हा तेच इचारून राह्यला तू. सांगतलं ना, नदीत गेले. सारे गेले. अन् हात काढ त्या कुरडयांवरून, ओल्या हायेत.

इंद्रभान : माय, मी एवढंच इचारतो, सुपलीत कोन कोन होतं?

मनकर्णा : देव होते. आनखी काय राहीन, वांगे?

इंद्रभान : नावं सांग ना.

मनकर्णा : खंडोबा होता. भवानी होती. भैरोबा होता. आता वीस सालाच्या गोष्टीले किती खोदशीन? पेपरात होता तवा बरा होता. मी सांगतलं का तू लिहिलं, अन् यष्टीनं बातमी अकोल्याले गेली.

इंद्रभान : पेपरचं तसंच असते. एकाले इचाराचं अन् बस सुटाच्या आत लिहाचं. पुस्तकाचं काम वेगळं हाय. एकच गोष्ट चार जनाले अलग अलग इचारा लागते, मंग जुळवून पाहा लागते.

मनकर्णा : म्हणजे मायवर भरोसा नाही तुया.

इंद्रभान : भरोसा नसता त पहिलं प्रकरण तुयावर लिहिलं असतं का मी?

मनकर्णा : नको लिहू. म्या कुठं म्हटलं लिही म्हणून? चांगली नोकरी सोडली. सूनबाई विजयमाला शाळेत शिकवते म्हणून चूल पेटते या घराची. अन् तू गावोगाव बुढे धुंडत फिरून राह्यला. काल किन्हीराजा, परवा शेलूबाजार.

इंद्रभान : कायची चांगली नोकरी? आणीबाणी लागली तेव्हापासून साहेबाची लाल पेन्सिल थांबलीच नाही. मी पानभर धाडू, छापून येईन दोन ओळी, त्याही कोन्या पुढाऱ्याच्या सत्काराच्या. म्हटलं, आजचं लिहू देत नाहीत त मांगचं लिहू. आपल्या लोकाइनं धम्म घेतला ते साल कोनीच नीट लिहिलं नाही अजून. वीस सालाआंधीच्या गोष्टीवर कोन पेन्सिल चालवते?

मनकर्णा : मंग लिही ना. मले कायले खातं?

इंद्रभान : शेलूबाजारले गोविंदा सोनाराकडं गेलो होतो मी.

मनकर्णा : ...कायले?

इंद्रभान : आपल्या घरचे चांदीचे टाक त्याच्याच हातचे. साऱ्या देवाइचे नावं घेतले त्यानं. त्यात एक नाव तू सांगत नाही ते होतं.

मनकर्णा : गोविंदाले आता आपन जेवलो का नाही हेही याद राह्यत नाही.

इंद्रभान : तो म्हणे, लेकराच्या वाळ्याची चांदी होती. कमी पडली, म्हणून टाक नखाएवढाच झाला. मंग मी पुंजाजीकाकाले इचारलं. तू पान्यात उतराले लुगडं खोसत होती तवा सुपली त्यायच्या हातात होती. त्यायनं एकएक देव पायला. लहान टाक त्यात नव्हता.

मनकर्णा : पुंजाजीले काय करा लागते दुसऱ्याच्या सुपलीत पाहून!

इंद्रभान : माय, जवारीची कोठी तू कोनाले सारवू देत नाही. विजयमालेलेही नाही. तिथंच हाय ना?

मनकर्णा : दार लोट पयले.

इंद्रभान : लोटलं.

मनकर्णा : ग्यानबा नाव होतं त्याचं. तुया आंधीचा. नुसता चालाले लागला होता, वाळे वाजवत घरभर फिरे. तापानं गेला. मंग तू झाला, अन् तू सदा आजारी. तुयी आजी म्हणे, याचा मोठा भाऊ जागा मांगून राह्यला, त्याले देवात बसव. त्याच्याच वाळ्याचा टाक केला. लोकाइच्या डोयात मी देव धूत होती. मी माया लेकराले आंघोळ घालत होती रे. रोज.

इंद्रभान : अन् बाबा नागपूरहून दीक्षा घेऊन आले...

मनकर्णा : आले अन् म्हणे, देव काढ. मी काढले. खरं सांगतो, मले काही वाटलं नाही. कोन्या देवानं कधी इहिरीवर पानी भरू देल्लं आपल्याले? खंडोबा सुपलीत, भवानी सुपलीत. मंग त्याच्यावर हात गेला. देव टाकले म्या, इंद्रभान. लेकरू कसं टाकू?

इंद्रभान : माय, हेच लिहितो मी. अस्संच. एक शब्द नाही बदलत.

मनकर्णा : नाही लिहाचं.

इंद्रभान : काहून? कोन काय म्हणन तुले?

मनकर्णा : पंचफुला.

इंद्रभान : पंचफुलामावशीचा काय संबंध?

मनकर्णा : तिच्या मुठीत तिच्या नवऱ्याचा टाक होता. ताजाच गेला होता तो. मूठ काही उघडेना, पान्यात उतरेना. साऱ्या बाया खोळंबल्या. मंग मी गेली तिच्यापाशी. एकएक बोट उघडलं तिचं. म्हटलं, सोड बाई, पाय, मी सारे सोडले ना. तिनं माया तोंडाकडं पायलं अन् सोडला. अन् माया कनवटीले ग्यानबा होता. आता बोल. तू पेपरात लिहिलं, देव टाकनारी पहिली बाई. तवापासून दर जयंतीले मंडपात माया गळ्यात हार पडते, अन् पंचफुला समोर बसून टाया वाजोते. मी त अजून त्या नदीतच उभी हावो बाप्पा. निघू कुठून?

इंद्रभान : अन् मी? खोटंच लिहाचं होतं त पेपर काय वाईट होता? तिथं साहेब खोडे, इथं माय खोडते. ते नोकरीवर परत घेत नाहीत, अन् हे पान काही पुढं सरकत नाही. मी कुठून निघू, सांग!

मनकर्णा : हळू बोल. तुये बाबा आले. दार उघड.

मारोतराव : भर दुपारी दार लावून काय मायलेकाची मसलत चालली? आयक इंद्रभान, जयंतीचं ठरलं. यंदा भाषनाले मनाई हाय, ठाण्यातून निरोप आला. म्या म्हटलं, ठीक हाय साहेब, भाषन नाही करत, वाचन करतो. तुया पुस्तकाचं पहिलं पान तू मंडपात वाचाचं, अन् तुयी माय स्टेजवर बसन. कशी वाटते तजवीज?

मनकर्णा : मले नाही बसाचं स्टेजवर.

मारोतराव : दरसाल असंच म्हणतं अन् बसतं. वाच रे, मले आयकू दे आंधी.

इंद्रभान : अजून कच्चं हाय बाबा.

मारोतराव : कच्चं त कच्चं. वाच.

इंद्रभान : "नदीला तेव्हा भरपूर पाणी होतं. काठावर सारा मोहल्ला उभा होता, आणि कोणीच पुढे होत नव्हतं. तेव्हा मनकर्णाबाई गुडघाभर पाण्यात उतरल्या. त्यांनी सुपलीतले..."

मारोतराव : हं. सुपलीतले?

इंद्रभान : "...सुपलीतले देव पाण्यात सोडले."

मारोतराव : पेपरात तू 'घरातले सारे देव' लिहीत होता.

इंद्रभान : हो. होतो लिहीत.

मारोतराव : मंग आता काहून नाही?

मनकर्णा : त्याले नका इचारू. मी सांगतो तुमाले. त्या दिवशी म्या...

मारोतराव : नको सांगू.

मनकर्णा : आयकून त घ्या.

मारोतराव : नको सांगू म्हटलं ना! इंझोरीले तुया मायच्या तेरवीले गेली होती तू, तवा कोठीले उंदीर लागले होते. जवारी उपसून कोठी म्याच सारवली.

मनकर्णा : तुमी सारवली?

मारोतराव : बुडाशी फडक्याची पुरचुंडी होती. मी सोडली नाही. हातात धरली अन् समजलं. पुन्हा तिथंच ठेवली अन् वरून जवारी भरली.

मनकर्णा : तेव्हापासून मालूम हाय तुमाले? अन् मी एकटीच जळत राह्यली? एका शब्दानं बोलले नाही?

मारोतराव : काय बोलू? ठराव कोनं मांडला होता? ज्याच्या घरी देव निंघन, त्यानं चारचौघात आनून नदीत टाकाचा. घरोघर फिरून म्याच मांगून आनले. मले मालूम नाही तवरच तो कोठीत राहू शकते. तू तोंडानं सांगतलं त मले तो ठराव माया घरावर चालवा लागन. अन् मी चालवीन, मनकर्णा. चालवल्याबिगर लोकाइले तोंड कसं दाखवू?

मनकर्णा : तो देव नाही.

मारोतराव : पंचफुलेचाही देव नव्हता.

इंद्रभान : बाबा, मी हे पानच काढून टाकतो. दुसरीकडून सुरू करतो पुस्तक.

मनकर्णा : नाही काढाचं. लिही तू. सारं लिही, बोटं उघडले तेही लिही. फक्त छापाच्या आंधी पंचफुलेले वाचून दाखव. मी तिच्या बाजूले बसीन. उठून गेली त जाऊ दे, थुंकली त थुंकू दे. पन तिनं टाया वाजवलेल्या मले आता सोसत नाहीत.

मारोतराव : अन् माया ठरावाचं काय?

मनकर्णा : चालवा ना. सांगतलं म्या तोंडानं. कोठी तिथं हाय. तुमच्याच हातानं काढा.

मारोतराव : (कोठीत हात घालून) आत्ताच नवी जवारी भरली. बुडापर्यंत हात पोचत नाही. ...सरल्यावर पाहू.