उमा मरत नाही

बाई: थांब. हे वाक्य पुन्हा वाच. मोठ्यानं.

दुर्गा: ‘उमेनं शिवणाचं मशीन घेतलं आणि दापोडीला रेल्वे फाटकाजवळच्या चाळीत खोली केली.’

बाई: कादंबरीतलं गाव कुठलं आहे?

दुर्गा: नदीकाठचं. नाव नाही दिलेलं.

बाई: दापोडी आहे का ते?

दुर्गा: नाही बाई.

बाई: आणि उमेचं शेवटी काय होतं? दुर्गा, दोनशे बारा पानांचं पुस्तक आहे. दोनशे बाराव्या पानावर उमा बाळंतपणात जाते. नवरा बैलगाडीतून उतरतो आणि दारातच उभा राहतो. पुस्तक तिथं संपतं. पंधरा वर्षं मी हे पुस्तक नववीच्या मुलींना वाचायला देते, कोणती ओळ कुठं आहे ते मला पाठ आहे. तुझ्या वहीत उमा मशीन घेते, शेजारणीशी भांडते, खडकीच्या बाजारातून अस्तर आणते. हे कुठून आणलंस?

दुर्गा: मनानं लिहिलं.

बाई: म्हणजे पुस्तक वाचलं नाहीस.

दुर्गा: वाचलं, बाई. दोनदा.

बाई: दोनदा वाचणाऱ्या मुलीला नायिका मेली हे कळत नाही? कुणाकडून तरी अर्धी गोष्ट ऐकलीस आणि उरलेली ठोकून दिलीस. ‘कादंबरी वाचून मला काय वाटले’ एवढंच लिहायला सांगितलं होतं मी. चार ओळी लिहिल्या असत्यास तरी चाललं असतं. खोटं लिहिलेलं मला चालत नाही.

दुर्गा: खोटं नाही ते.

बाई: मग काय आहे? सांगायचं नाही? ठीक आहे. वडिलांना चिठ्ठी देते. उद्या त्यांना घेऊन ये.

दुर्गा: बाई, चिठ्ठी नको. पाया पडते. तुम्ही मला छडी मारा, वर्गाबाहेर उभं करा, पण घरी नको.

बाई: मारतात का ते?

दुर्गा: नाही हो! ते तर काही बोलतसुद्धा नाहीत. गावाकडं माझी आत्या आहे, तिनं स्थळ बघून ठेवलंय. दोन पत्रं आलीत तिची. शाळेत पोरगी काय दिवे लावतेय ते कळवा, नाहीतर माघात लग्न उरकून टाकू, म्हणून. आबांनी अजून उत्तर धाडलेलं नाही. तुमची चिठ्ठी गेली की धाडतील.

बाई: आणि आई काय म्हणते?

दुर्गा: आई नाही.

बाई: नाही म्हणजे?

दुर्गा: गेल्या कार्तिकात गेली. त्यानंतर मी इकडं आले, आबांकडं.

बाई: हे प्रवेशाच्या कागदावर लिहिलेलं नाही.

दुर्गा: कागदावर फक्त बापाचं नाव विचारलं होतं.

बाई: दुर्गा, चिठ्ठी लिहीत नाही मी. पण वडिलांना भेटायला हवं मला. तक्रार करायची म्हणून नाही. त्यांना तसंच सांग. वर्कशॉपमधली पाळी कुठली आहे त्यांची?

दुर्गा: पहिली. साडेतीनला सुटतात.

(दुसऱ्या दिवशी दुपारी, शाळा सुटल्यावर, त्याच वर्गात. दुर्गाचे वडील ज्योतीराम साळुंखे दाराबाहेर चपला काढून आत आले आहेत.)

बाई: बसा ना. बाकावर बसा.

ज्योतीराम: ऱ्हाऊ द्या, हुबा हाय तोच बरा. कापडं तेलकट हायती. तुमचा बाक खराब व्हईल.

बाई: वर्कशॉपमध्ये काय काम करता?

ज्योतीराम: एष्टीच्या गाड्यांचा पत्रा ठोकतो. जरा मोठ्यानं बोला बाई, दिसभर ठोकून कानात नुसतं ठणठणतंय. पोरीनं काय केलं?

बाई: काही केलं नाही. तिला एक कादंबरी वाचायला दिली होती.

ज्योतीराम: व्हय, ठावं हाय की. उमेची.

बाई: तुम्हाला कसं ठाऊक?

ज्योतीराम: रोज वाचती की ही. मी कामावनं येतो, हातपाय धुतो, ही चुलीपाशी बसती. एका हातानं भाकरी आन् एका हातात पुस्तक. पयल्यांदा मनातल्या मनात वाचायची. मग मोठ्यानं वाचाय लागली. मी भिताडाकडं तोंड करून पडलेला आसायचो. मला कुठं काय कळतंय, म्हनून ऱ्हायलो. पर एक दिस ती उमा घागर घिऊन निघाली, नदीला पानी चढल्यालं, आन् हितंच हिनं पुस्तक मिटलं. म्हनली, भाकरी करपली. मला ऱ्हावलं न्हाई. म्या इचारलं, गेली का गं ती नदीवर?

दुर्गा: मला वाटलं आबा झोपेत बोलतायत.

ज्योतीराम: झोपंत न्हवतो.

दुर्गा: बाई, त्याच्या आधी आठ दिवस आमच्या खोलीत ‘मीठ दे’ आणि ‘दाराला कडी घाल’ एवढंच बोलणं झालं होतं. मी मोजले होते दिवस. भांडं पडलं तरी बरं वाटायचं मला. आवाज तरी होई.

बाई: हे तू वहीत लिहिलंयस. ‘उमेला भांडं पडलं तरी बरं वाटे.’ पुस्तकात कुठंच नाही ते वाक्य. काल घरी बसून पुन्हा सगळी वही वाचली मी.

दुर्गा: चुकलं, बाई.

बाई: नाही. मीही एकटी राहते, चिंचवडला. मला माहीत आहे भांड्याचं. पण दुर्गा, आता खरं सांग. उमा दोनशे बाराव्या पानावर जाते. मग तू रोज वाचत काय होतीस?

ज्योतीराम: जाती? कुठं जाती?

दुर्गा: बाई, नका ना...

बाई: माफ करा. तुम्हाला माहीत असेल असं वाटलं मला. पुस्तकात उमा मरते. बाळंतपणात.

दुर्गा: आबा, मी वाचणारच होते. खरंच. शेवटचं पान मी धान्याच्या डब्यांच्या मागं बसून एकटीनं वाचलं. त्या दिवशी तुम्ही कामावरून आल्या आल्या विचारलंत, आज उमा काय करती? चपला काढायच्या आधी विचारलंत. मला नाही वाचता आलं. मी म्हणाले, आज उमा बरी झाली. आणि मग तिला काहीतरी करायला तर लावलं पाहिजे ना. म्हणून मशीन दिलं.

बाई: किती दिवस झाले याला?

दुर्गा: एकवीस.

बाई: एकवीस दिवस तू उघडं पुस्तक समोर धरून मनानं सांगत होतीस?

दुर्गा: रोज मधल्या सुट्टीत ठरवायची, आज काय होणार ते. वहीत लिहिताना मला पुस्तकातलं कुठलं आणि माझं कुठलं हेच कळेना. उमा मेली असं लिहायला गेले की हात चालायचा नाही. मग जे रोज सांगत होते तेच लिहिलं.

बाई: साळुंखे, तुमची मुलगी खोटारडी नाही. काल मी तिला तसं म्हणाले. तुमच्यासमोर ते मागं घेते.

ज्योतीराम: बाई, ही नापास व्हनार का?

बाई: नाही. वहीवर मी शेरा देणार आहे, ‘पुस्तक पूर्ण वाचले आहे.’ पंधरा वर्षांत हा शेवट मला नको, असं एकाही मुलीनं लिहिलं नव्हतं. सगळ्या लिहितात, ‘शेवट हृदयद्रावक आहे.’ मीच सांगितलेला शब्द. ... मी खाली कार्यालयात आहे. शिपाई साडेपाचला कुलूप लावतो. तोवर बसा तुम्ही.

ज्योतीराम: व्हय, बाई.

(बाई खाली जातात.)

ज्योतीराम: बस की. हुबी का?

दुर्गा: आबा, रागावलात?

ज्योतीराम: कशापायी?

दुर्गा: फसवलं म्या तुमास्नी.

ज्योतीराम: आगं, मला ठावं व्हतं.

दुर्गा: काय?

ज्योतीराम: मला अक्षर येत न्हाई, पर डोळं हायती. पुस्तक तुझ्या डाव्या हाताला जाड व्हत चाललं व्हतं आन् उजव्या हाताला पातळ. एक दिस उजवीकडं पुठ्ठाच ऱ्हायला. म्या म्हनलं, संपलं. उद्यापास्नं पुना खोली गप. दुसऱ्या दिशी आलो तर तू मधनंच उघडून बसल्याली. पानच उलटंना झालीस. त्या दिशी धा-पंधरा पानांचं वाचलंस, आन् पान एकबी उलटलं न्हाईस.

दुर्गा: मग बोलला का न्हाईसा?

ज्योतीराम: बोललो आसतो तर तू थांबली आसतीस. ती मरती हे मातुर ठावं न्हवतं. तू कायतरी झाकतियास एवढंच कळलं व्हतं. बाळंतपनात म्हनल्या न्हवं बाई?

दुर्गा: व्हय.

ज्योतीराम: नवरा दारात हुबा ऱ्हातो म्हनल्या.

दुर्गा: व्हय.

ज्योतीराम: मग काय करतो तो?

दुर्गा: काय न्हाई. तितंच संपतं.

ज्योतीराम: बराबर हाय. तितनं फुडं काय करायचं कुनाला कळतंय? तुजी आई गेली तवा म्याबी पाटनला गाडीतनं उतारलो, चालत घर गाठलं, तर समदं उरकून आंगन सारवून झालं व्हतं. तार दोन दिस हितं हापिसात पडून. बाप्ये माणसं वसरीवर बसल्याली. समदी म्हनली, देवाची मर्जी, आन् तंबाकू मळाय लागली. कुनी येक शबुद सांगितला न्हाई. म्याबी इचारला न्हाई. चौथ्या दिशी कामावर हजर झालो.

दुर्गा: आत्या म्हनली व्हती, बापाफुडं आईचं नाव काडू नगंस. त्यो मोडंल.

ज्योतीराम: म्हनून गप व्हतीस व्हय? वरीस व्हाय आलं.

दुर्गा: तुमीबी गपच व्हता की.

ज्योतीराम: व्हतो. ... माझ्यासंगट पत्रा ठोकनाऱ्या मालोजीचा मेव्हना पिंपरीला त्या नव्या औषधाच्या कारखान्यात लागलाय, बाटल्या धुयाला. परवा म्हनला, बाळंतिनीचा ताप त्या औषधानं उतरतो. चार सुया दिल्या की उतरतो. हितनं दोन कोसांवर हाय बघ त्यो कारखाना. त्याचा भोंगासुदिक ऐकू येतो म्हनत्यात, माझ्या कानालाच येत न्हाई.

दुर्गा: आबा, तुमास्नी ठावं आसतं तर आनलं आसतं तुमी.

ज्योतीराम: आनलं आसतं. ... आत्याच्या पत्राला उत्तर द्याचं हाय. मालोजीकडनं लिवून घेनार व्हतो. आता तूच लिव.

दुर्गा: काय लिवू?

ज्योतीराम: लिव की, माघात जमत न्हाई. फुडच्या माघातबी जमायचं न्हाई. पोरगी आकरावी व्हईस्तवर हितंच ऱ्हाईल. खाली माझा आंगठा घे.

दुर्गा: आबा...

ज्योतीराम: रडू नगंस. बाई खाली बसल्यात. ... दुर्गे, येक इचारतो. तू व्हतीस न्हवं तितं? शेवटी?

दुर्गा: व्हते. मीच व्हते. आजी बाळापाशी बसली व्हती. बाळ आदल्या दिशीच गेलं, पर आजी त्याला खाली ठिवंना.

ज्योतीराम: मग सांग. उमेचं नगं. तिचं सांग.

दुर्गा: आता? हितं?

ज्योतीराम: घरी गेल्यावर भाकरी करपंल आन् तू थांबशील. हितंच सांग.

दुर्गा: सकाळपास्नं आंग तापल्यालं. दार उघडं ठिव म्हनली, वारं येऊ दे. मग मला केस इंचरायला लावलं. गुतावळा झाला व्हता, म्या सोडवत बसले. दुकलं तर सांग म्हनले, तर म्हनली, दुकत न्हाई, तू हळू सोडव, घाई न्हाई.

ज्योतीराम: केस लई व्हतं तिचं.

दुर्गा: व्हय. दुपार झाली तरी सुटंना.

ज्योतीराम: माझं नाव काडलं का?

दुर्गा: नाव कसं काडंल? ‘त्येंनी’ म्हनली.

ज्योतीराम: काय म्हनली?

दुर्गा: म्हनली, मी ऱ्हायले न्हाई तर तू हितं थांबू नगंस. त्येंच्याकडं जा. साळा तितंच शीक. त्येंनी बोलायचं न्हाईत, तू वाईट वाटून घिऊ नगंस. पर त्येंनला येकटं ऱ्हायला येत न्हाई, म्हनली.

ज्योतीराम: येकटं ऱ्हायला येत न्हाई?

दुर्गा: आसंच म्हनली.

ज्योतीराम: बारा वरसं हितं खोली करून ऱ्हातोय मी. दिवाळीला आन् जत्रंला तेवढं घर. कवाबी गेलो तरी म्हनायचो, हितं झ्याक चाललंय माझं.

दुर्गा: व्हय, मला आठवतंय.

ज्योतीराम: मग तिला कुनी सांगितलं?